किल्ल्यावरचा समुद्र

“समुद्र नसतोच! माझ्या राज्यात जे नाही, ते जगात कुठेच नाही!” भीमबाहू राजाने मांडीवर थाप मारली.

समोर मंजुळी उभी होती. ती कोळ्याची लेक. लग्न होऊन या डोंगरी राज्यात आली आणि किल्ल्याच्या मुदपाकखान्यात नदीची मासळी रांधू लागली. धाकट्या बहिणीची हळद तोंडावर आली, म्हणून तिने रजा मागितली. माहेर कुठे, असं राजाने विचारलं आणि तिने खरं ते सांगून टाकलं!

“किल्ल्यावरच समुद्र दाखव, मग खुशाल जा! बाहेरून थेंबभरही पाणी आणायचं नाही!”

रडवेली होऊन ती मुदपाकखान्यात परतली. मासळी धुवायच्या काळ्या फरशीत रुतलेला तोच तो माशाचा काटा! घासून निघत नाही म्हणून तिने आचारीबुवांची कितीदा बोलणी खाल्ली होती. ती काट्याकडे बघत राहिली आणि एकदम हसली.

“आचारीबुवा, ही फरशी कुठली हो?”

“कुठली म्हणजे? किल्ल्याच्याच कड्यातली! आता घास!”

सकाळी तिने राजाला कड्यापाशी नेलं. दगड पापुद्र्यापापुद्र्यांचा. तिने फटीत सुरी घातली, पापुद्रा सुटला. आत दगडातच उमटलेला मासा!

“हॅ! हा तर आमच्या नदीतला!”

“आणि हा तारामासा, महाराज? गोड्या पाण्यात हा जगतच नाही.”

राजा ओणवा झाला. “मग लाटा कुठायत?”

“हा खालचा थर तळाचा, तिथे त्या पोचतच नव्हत्या. खोल, निवांत पाणी! शिंपल्यांची झाकणं बघा कशी जोडीनं मिटलेली आहेत. वरच्या थरात मात्र नुसता चुरा, आणि दगडावर या बारीक वळ्या. आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळूत अश्शाच उमटतात. म्हणजे समुद्र उथळ होत गेला, मागे सरत गेला.”

“आणि त्याच्याही वर?”

“त्याच्यावर तुमचा किल्ला!”

राजा खवळला. “इथून समुद्र निघून गेला? कुणाला विचारून?”

“कुणालाच नाही, महाराज! एवढा थोरला समुद्र न विचारता गेला. मी आपली विचारून चाललेय!”

राजा असा खदाखदा हसला की कड्यावरचे पारवे उडाले.

“अरे, हिला माझा मेणा द्या! नवरीला हिरवं लुगडं आणि सोन्याच्या पाटल्या द्या! आणि मंजुळे, समुद्र भेटला की त्याला सांग, राजाने परत बोलावलंय!”