थोरल्या आवळीखालची चूल

फार पूर्वी, रानाला खेटून वसलेल्या एका गावात एक कुंभार राहत होता. कामाला वाघ, पण स्वभावाने भारी मानी. कार्तिक महिना लागला की सारं गाव आवळीभोजनाला रानात जाई. आवळीच्या झाडाखाली चूल मांडायची, तिथंच रांधायचं, तिथंच पंगत. रानातली थोरली आवळी मात्र दरवर्षी सोनार पटकावत असे. कुंभार पोचेपर्यंत सोनाराची खीर निम्मी आटलेली असायची आणि त्याला कडेच्या खुरट्या झाडाखाली बसावं लागे. हे त्याला फार सलत होतं.

त्या वर्षी त्याने चंगच बांधला. तांबडं फुटताच बायको आणि दहा वर्षांच्या लेकीला घेऊन तो निघाला. पाऊस सरला होता, गवत पिवळं पडू लागलं होतं, ओढा नितळ वाहत होता. थोरली आवळी मोकळी होती! कुंभाराने मिशीवर ताव दिला, तीन दगड मांडले, लाकडं रचली आणि मडक्यातून आणलेला विस्तव जवळ घेतला.

तोच लेकीने त्याचा हात धरला. वर फांदीला परातीएवढं मोहोळ लोंबत होतं.

"एवढ्याशा धुराने काय होतंय?" कुंभार म्हणाला.

"बाबा, आपण एक दिवस जेवायला आलोय. माश्या इथं राहतात."

लेकीचं खरं होतं, हे त्याला कळत होतं. तेवढ्यात सोनार बायकामुलांसह येऊन ठेपला. जागा गेलेली पाहून त्याचं तोंड उतरलं. ते उतरलेलं तोंड बघायला कुंभार किती वर्षं थांबला होता! आता जागा सोडायची म्हणजे स्वतःच्या हाताने नाक कापून घेणं.

त्याने एकदा लेकीकडे पाहिलं आणि चुलीचे दगड उचलले. "ओढ्याकाठी मांडू," तो बायकोला म्हणाला.

लेकीने सोनारालाही मोहोळ दाखवलं, इथं जाळ करू नका म्हणून विनवलं. सोनाराला ती पोरीची उगाच भीती वाटली. पोरीच्या सांगण्यावरून बाप चूल हलवतो, म्हणून तो पोटभर हसला आणि त्याने जाळ केला.

धूर वर चढला आणि मोहोळ उठलं. सोनाराला पळता भुई थोडी झाली. खीर सांडली, पागोटं काट्यात अडकलं. कुंभाराने धावत जाऊन सगळ्यांना बसायला आणलेल्या घोंगड्यांखाली घेतलं. माश्या शांत झाल्यावर त्याच्या बायकोने दोन्ही घरांची एकच पंगत मांडली.

सोनाराचं नाक सुजून वांग्याएवढं झालं होतं. खाली मान घालून तो म्हणाला, "तुम्ही शहाणे. तुम्हाला आधीच कळलं."

हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण कुंभार शेजारच्या झाडांखालच्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मला कुठलं कळायला? मी विस्तव घालायलाच बसलो होतो. शहाणी आहे ती माझी लेक."

सारं रान लेकीकडे बघू लागलं. ती लाजून आईमागे दडली. थोरली आवळी मिळाली तेव्हाही कुंभाराची छाती एवढी फुगली नव्हती.

तात्पर्य: मानाची जागा सोडल्याने मान जात नाही, लहानाचं खरं बोलणं मानणाऱ्याचा मान वाढतोच.