मैनेची फेरी

"नाही म्हणजे नाही! माझ्या निकालातलं एक अक्षरही बदलणार नाही!" मानधवल राजा गरजला.

समोर तुळजा नावाडीण उभी होती. तिच्या पदराला धरून सात वर्षांची मैना मुसमुसत होती.

झालं होतं असं की सिदू कासार आणि त्याची बायको पारू यांचं पटेना, म्हणून त्यांनी काडीमोड घेतला. पारू नदीपलीकडे भावाकडे राहायला गेली. पण मैना कुणाकडे राहणार? दोघं भांडत दरबारात आले. राजानं निकाल दिला, आठ दिवस आईजवळ, आठ दिवस बापाजवळ! तेव्हापासून दर आठ दिवसांनी मैना बोचकं घेऊन तुळजाच्या नावेत बसायची. इकडे आली की पाटी तिकडे राहायची. तिकडे गेली की लाडकं करडू इकडे बें बें करायचं. पोर पार कंटाळली. आज तर ती नावेतून उतरेचना! म्हणून तुळजा तिला थेट दरबारात घेऊन आली होती. ते कळताच सिदू आणि पारूही धावत आले होते.

"महाराज, पोर सुकत चाललीय," तुळजा म्हणाली.

"निकालात तोंड घालतेस? मग तूच हिचं रडणं थांबव. पण निकाल आहे तस्साच राहिला पाहिजे. नाही जमलं, तर तुझी नाव जप्त!"

दरबारी एकमेकांकडे बघू लागले. निकाल तोच ठेवायचा आणि रडणं थांबवायचं? हे कसं जमणार?

तुळजानं क्षणभर विचार केला. "महाराज, तो निकाल एकदा वाचून दाखवता का?"

कारकुनानं कागद उलगडला. "मैनेने आठ दिवस आईजवळ व आठ दिवस बापाजवळ राहावे."

"बस्स, एवढंच?"

"एवढंच."

"मग नदी मैनेनंच ओलांडायची, असं कुठं लिहिलंय?"

कारकुनानं कागद उलटापालटा करून पाहिला. "तसं... कुठंच नाही!"

"मैना आपल्या घरीच राहील, करडाजवळ, पाटीजवळ. आठ दिवस पारूताईनं तिथं येऊन राहावं, तेवढे दिवस सिदूदादानं बाजारातल्या दुकानात झोपावं. मग पारूताईनं भावाकडे जावं आणि सिदूदादानं घरी यावं. आठ दिवस आई, आठ दिवस बाप!"

"अगं बाई!" पारू उसळली. "दर आठ दिवसांनी मी बोचकं बांधू? माझं निम्मं सामान इकडे, निम्मं तिकडे! जिवाला स्वस्थता कशी मिळायची?"

"आणि मी?" सिदूही तडकला. "परक्यासारखा घराबाहेर पडू? अंथरूण बदललं की मला झोप लागत नाही!"

तुळजानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुम्ही एवढी मोठी माणसं! तुम्हाला जे झेपत नाही, ते या एवढ्याशा पोरीला कसं झेपेल?"

सिदूनं मान खाली घातली. पारूनं मैनेचे डोळे पुसले.

"मैने, तुला काय वाटतं गं?" राजानं विचारलं.

मैना हळूच म्हणाली, "मला आई पण पाहिजे, बाबा पण पाहिजेत. पण मला सारखं सारखं जायचं नाही."

"मी येईन गं," पारू म्हणाली. सिदूनं घसा खाकरला. "आणि मी दुकानात झोपेन. लागेल झोप हळूहळू."

मैनेनं दोघांचेही हात धरले आणि खुदकन हसली.

राजानं मिशीवर ताव दिला. "तुळजा, शेवटी निकाल तूच दिलास म्हणायचा!"

"छे छे महाराज! निकाल तुमचाच. मी फक्त नावेत कुणी बसायचं, तेवढं सांगितलं!"

राजा खो खो हसू लागला. हसता हसता त्याचा मुकुट कानावर आला. "वा गं बहाद्दरणी!" तो म्हणाला, आणि त्यानं तुळजाला सागवानाची नवीकोरी नाव बक्षीस दिली.