सिदबाचं कडवं

हा समोरचा गोल माळ बघा. इथे गवत येते, पण मेंढरू बसत नाही. जत्रेला माणसेही इथे उभ्यानेच ओव्या ऐकतात. पाय दुखले तर खाली ओढ्यापाशी जाऊन बसा, इथे नको.

असे सांगतात की, फार पूर्वी देवाची अख्खी ओवी भिवा खताळ आणि त्याचा धाकटा भाऊ सिदबा या दोघांना मिळूनच यायची. भिवा ओवी म्हणून देवाला उठवायचा. शेवटचे कडवे देवाला परत बसवायचे. ते धाकट्यानेच म्हणायचे, अशी रीत. तेव्हा भिवा ढोल बडवण्यात दंग असायचा.

सिदबाचा गळा मोकळा होता. गाता गाता तो चार शब्द पदरचे घालायचा, आणि लोक माना डोलवायचे. हे थोरल्याला खुपायला लागले. ‘देवाची ओवी बाटवतोस,’ म्हणत त्याने भर जत्रेत भावाला बाजूला ढकलले. सिदबा आपली मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणात गेला.

पुढच्या जत्रेला भिवाने एकट्याने ओवी लावली. देव उठला म्हणे. शेवटच्या कडव्याला भिवाने तोंड उघडले, तर आत काहीच नाही. जन्मभर ढोल बडवला, शब्द कधी कान देऊन ऐकलेच नव्हते. जमलेल्या लोकांनाही सूर तेवढा आठवत होता, शब्द नाहीत. देव उभाच राहिला. मेंढरेही बसेनात. सगळा कळप माळाला गरागरा फिरत राहिला, माद्यांचे दूध आटले, कोकरे पटापट मरायला लागली.

तेव्हा त्यांची आई जनाबाई म्हणाली, “भिवा, त्येला हुडकून आण. देव आन् मेंढरं दोनी त्येच्या तोंडाकडं बघत्याती.”

भिवा ढोल तिथेच ठेवून घाट उतरला. वाडी-वाडीत विचारत गेला, तो परत आला नाही. कोणी म्हणतात भाऊ भेटले आणि तिकडेच राहिले. मला ते पटत नाही. भेटले असते तर शब्द इकडे आले नसते का? मला तर अजून भिवाची चीड येते, आणि कीवही येते.

आजही जत्रेत भिवाकडून ऐकून शिकलेली ओवी त्या कडव्यापाशी येऊन थांबते. नुसता ढोल वाजत राहतो, आणि सगळे घाटाकडे तोंड करून उभे राहतात. मग आलेल्या प्रत्येक परक्या माणसाला विचारायचे, हा आमचा नेम. तुम्ही खालच्या अंगाचे, कोकणातले म्हणालात ना? तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस गुरांना बसवताना काही गुणगुणते का? आठवून बघा. सावकाश आठवा. आम्ही उभे आहोत.