तळाला गेलेलं पेडल

गाडीचे भाग आपसांत बोलत, त्या काळची गोष्ट. डोंगरावरच्या घरी शरयूने गाडीचे पुढचे ब्रेक पॅड आणि ते ज्यांना दाबून धरतात त्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्क स्वतः बदलल्या. निघण्याआधी तिने ब्रेकचं पेडल दाबलं, तर ते थेट तळाला गेलं.

पेडल गोंधळलं. "पॅडांनो, आहात ना?"

"आहोत, पण डिस्क लांब आहे. ती येईल ना जवळ?"

"मला फक्त फिरता येतं," डिस्क म्हणाली.

"अगं, चल ना!" शेजारी बसलेला नवरा म्हणाला.

"थांबा हो, पाय नुसता खाली जातोय." शरयूने पेडल पुन्हा पुन्हा दाबलं. पॅड थोडे थोडे सरकत डिस्कजवळ पोहोचले. पेडल घट्ट झालं.

गाडी निघाली. उतारावर म्हैस आडवी आली, शरयूने पेडल दाबलं. गाडी हातभर अलीकडे थांबली.

"कोणी थांबवली?" डिस्कने विचारलं.

"पेडलने," पॅड म्हणाले. "शरयूच्या पायाने," पेडल म्हणालं.