पंपाची पेटी काय म्हणते

"पेटी खुळी झालीय की मी? एवढंच सांगा, बुवा."

विश्वंभरने मोबाइल बुवांच्या पुढ्यात आदळला. मोबाइलमधून निघालेली वायर पंपाच्या जुन्या पेटीत खोचलेली होती. संन्यास घेण्यापूर्वी निरंजनबुवा रेडिओ दुरुस्त करत; मठाच्या विहिरीवरच्या पंपाची ही पेटी त्यांनीच बनवलेली. तिच्या हुकमाशिवाय पंप चालत नसे, आणि पंप बंद म्हणजे खालच्या वाडीत माणसांना आणि मेंढरांना पाणी बंद.

पेटीशी बोलणारा कॉम्प्युटर वीज पडून जळाला, तेव्हा विश्वंभरने वाडीसमोर छाती ठोकून सांगितलं होतं, की कॉम्प्युटर हवा कुणाला, मोबाइलच्या ब्राउझरमधूनच पेटी बोलती करतो. गडी हुशार, यात वाद नाही. त्याने ब्राउझरमध्ये पान उघडलं. पेटी जोडू का, अशी विचारणा झाली, याने होकार दिला. मग पानाने विचारलं, पेटी किती वेगाने बोलते? जोडलेल्या दोघांचा वेग एकच लागतो, नाहीतर एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही. पण शहाण्याने कुणाला विचारायचं? याने सरळ सगळ्यात मोठा आकडा ठोकून दिला.

पेटीने उत्तर दिलं. पडद्यावर उमटली ती चौकोनांची आणि प्रश्नचिन्हांची खिचडी.

सकाळपासून हाच कचरा ओकतेय, असं म्हणत विश्वंभर येरझारा घालत होता. वाडीतली माणसं रिकामे हंडे घेऊन ओसरीवर बसली होती. ती एकटक त्याच्याकडे बघत होती, म्हणून त्याचा पारा आणखी चढत होता.

बुवांनी ओठ हलवले. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा एकेक शब्द वाट काढत बाहेर येई.

"तिला..."

"तिला फेकून द्या, हेच ना? मीही तेच म्हणतो."

बुवांनी नकारार्थी मान हलवली.

"तिला... जरा..."

"जरा उघडून बघू? बघितलं. आत नुसती धूळ आहे."

बुवांच्या कपाळाची शीर ताठ झाली. त्यांना राग आला होता. रागावलेल्या माणसाला शब्द लवकर सापडत नाहीत, बुवांना तर नाहीच नाही.

"तिला... जरा... साव..."

"सावंतालाच देतो. भंगारात." विश्वंभरने दाराला लावलेला दगड उचलून पेटीवर उगारला. "तुमच्या हातची म्हणून आजवर गय केली. आता तुम्हालाही नीट सांगता येत नाही आणि तिलाही."

ओसरीवर कुणाचा तरी हंडा कलंडला.

बुवा भिंतीला धरून उठले. दगडाकडे त्यांनी पाहिलंही नाही. चालत्या हाताचा पंजा त्यांनी विश्वंभरच्या तोंडावर दाबला आणि तसाच धरून ठेवला...

विश्वंभरचे डोळे रागाने लाल झाले होते. बुवांचेही.

"आम्ही... दोघंही... अजून... बोलतोय. साव... काश."