ओतून दाखवा म्हणणारी म्हाळसाक्का

नदीला पूल नव्हता आणि पलीकडे जायला तराफाच होता, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते नक्की सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. हिरडवाडीत म्हाळसाक्का नावाची तांबटीण राहायची. नवरा गेल्यावर तिनं ऐरण विकली नाही, स्वतःच हातोडी उचलली. असं म्हणतात, की तिनं घडवलेल्या हंड्यावर टिचकी मारली, तर नाद समोरच्या डोंगरावर जाऊन परत यायचा.

म्हाळसाक्काला एक खोड होती. एखादी गोष्ट कळली नाही, की हातातलं काम खाली ठेवून ती विचारत सुटायची. कोंबडा आरवताना डोळे का मिटतो, हे तिनं साऱ्या गावाला विचारलं होतं. लोक हसायचे. तिला त्याचं काही वाटायचं नाही.

एका वर्षी पोरांमध्ये खोकल्याची साथ आली. खोकून खोकून पोरं काळीनिळी पडायची. गावात अनंतशास्त्री नावाचे वैद्य होते. माणूस विद्वान, पण बोलणं तुटक. त्यांनी एक जालीम औषध तयार केलं आणि दारात येईल तिला सांगितलं, "सकाळी एक पळी, संध्याकाळी एक पळी." बायका मान हलवून निघाल्या. शास्त्रीबुवांना परत विचारायचं कुणी?

पुष्कळ पोरांना गुण आला. पण धुरपाचा दोन वर्षांचा केरबा सकाळी औषध घेऊन झोपला, तो उठेचना. श्वास चालू होता, डोळे उघडत नव्हते. दुपारपर्यंत तिच्या दारात गाव गोळा झालं. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं शास्त्र्यानं विष दिलं. सासूनं धुरपाकडं बोट केलं, "हिलाच पोर सांभाळता येत नाही." मग बायकांनी घरोघरचं औषध नदीत ओतायला सुरुवात केली. ज्यांची पोरं अजून खोकत होती, त्यांनीही ओतलं.

म्हाळसाक्का गर्दीतून आत आली आणि धुरपाजवळ बसली.

"पोराला काय दिलंस, बाई?"

"शास्त्रीबुवांचं औषध. दुसरं काही नाही, आक्का."

"किती?"

"सांगितलं तेवढंच. एक पळी."

"एक पळी तर सगळ्यांनीच दिली. मग तुझंच पोर कसं झोपलं?"

त्यात दोष देणं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. धुरपाला रडू आलं. म्हाळसाक्का म्हणाली, "कसं दिलंस ते मला करून दाखव. पाणी घे आणि ओत."

धुरपानं चुलीमागची आमटीची पळी काढली आणि काठोकाठ भरली. "दोनचार घोटांत पाजली," ती म्हणाली. म्हाळसाक्का त्या पळीकडं बघतच राहिली. ती तिनंच घडवली होती, धुरपाच्या लग्नात. आल्यागेल्याला पोटभर वाढता यावं म्हणून मुद्दाम खोलगट केली होती.

ती पळी घेऊन म्हाळसाक्का तडक शास्त्रीबुवांकडं गेली. ते दार लावून आत बसले होते.

"बुवा, तुम्ही औषध सांगता ती पळी दाखवा."

शास्त्रीबुवांनी देवघरातून संध्येची पळी आणली. आचमनापुरतं पाणी मावेल एवढीशी. म्हाळसाक्कानं आमटीची पळी पाण्यानं भरली आणि त्या इवल्या पळीनं ती उपसायला लागली. बारा पळ्या काढल्या, तरी तळाशी पाणी होतंच.

शास्त्रीबुवा खाली बसले. "माझ्या घरात पळी म्हणजे हीच," ते म्हणाले.

"आणि तिच्या घरात ती," म्हाळसाक्का म्हणाली. "चला, पोर बघा आधी."

शास्त्रीबुवा धुरपाच्या आळीत पहिल्यांदाच आले, तेही अनवाणी. त्यांनी केरबाला कुशीवर निजवलं, पुढचं औषध थांबवलं आणि त्याच्या श्वासाकडं नजर लावून बसले. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर पोरानं डोळे उघडले आणि भाकरी मागितली. शास्त्रीबुवा सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक पोरीची नाही. केवढी पळी, ते मी सांगितलंच नाही." धुरपाची सासू मान खाली घालून उभी राहिली.

त्यांनी पुन्हा औषध केलं, पण ते घ्यायला कुणी येईना. खोकला मात्र घरोघर चालूच होता. तेव्हा म्हाळसाक्का ऐरणीवर बसली आणि शास्त्रीबुवांच्या पळीच्या मापाच्या पळ्या घडवायला लागली. पत्रा संपला तेव्हा तिनं आपला पाण्याचा हंडा मोडला. असं म्हणतात, की तीन दिवस तिच्या ठोक्यांचा ताल गावभर घुमत होता, आणि तो ऐकत खोकणारी पोरं शांत झोपत होती. असंही म्हणतात, की त्या पळीत जास्त ओतलं तर तेवढंच ओघळून जायचं, आणि मापाचं असलं तर पोर कितीही आडवंतिडवं झालं तरी थेंब सांडायचा नाही.

तिनं आतून कल्हई करून घरटी एक पळी दिली. पण तिच्यासमोर पाणी ओतून दाखवल्याशिवाय कुणालाही पळी घेऊन जाता येत नव्हतं, मग ती आई असो, बाप असो की आजी. एका घरी सासूनं औषध दिलं आणि ते माहीत नसल्यानं सून पुन्हा द्यायला निघाली. म्हाळसाक्कानं तिचा हात धरला. तेव्हापासून ती प्रत्येक दारात विचारायची, "आधी कुणी दिलंय का?" त्या साथीत हिरडवाडीतलं एकही पोर दगावलं नाही, असं म्हणतात.

पुढं खोकला पलीकडच्या गावांत गेला. नदीला पूर होता, तराफा बंद होता. म्हाळसाक्का पळ्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन पाण्यात उतरली, आणि पाणी तिच्या गुडघ्यांवर चढलं नाही, असं म्हणतात. ती परत आलेली कुणी पाहिली नाही. पण पलीकडच्या सातही गावांत, 'ती आमच्याकडेच राहिली होती,' असं सांगतात.

आता त्या पळ्या कुणाकडं नाहीत. बाटलीबरोबर रेघा आखलेलं माप येतं, आणि पोराचं वजन बघून डॉक्टर औषध ठरवतात. गेल्या साली उपकेंद्रात नवी नर्स आली. तापाचं औषध पुढं करत ती म्हणाली, "पाच मिली, दिवसातून तीनदा."

समोरची बाई म्हणाली, "ओतून दाखवा."

नर्सला वाटलं, हिला ऐकू आलं नाही. तिनं मोठ्यानं सांगितलं. बाई तशीच बसून राहिली. मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हाळसाक्काच्या गावात आलीस, पोरी. दाखव ओतून."

नर्सनं रेघेपर्यंत पाणी ओतलं. बाईनं ते रिकामं केलं, स्वतः भरलं आणि नर्सच्या डोळ्यांसमोर धरलं. "एवढंच ना?"

नर्सनं वाकून रेघ पाहिली. "थोडं जास्त झालं."

बाईनं दोन थेंब सांडले, पुन्हा दाखवलं आणि मगच उठली.