हैबतीची माती

एका गावात एक तालीम होती, आणि गावाला तिचा इतका तोरा की पाहुणा आला तर गूळपाण्याआधी त्याला तालीम दाखवायला न्यायचे.

त्या तालमीत हैबती नावाचा पैलवान होता. काय सांगू त्याचा थाट! त्यानं शड्डू ठोकला की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं. एकदा त्याच्या दुप्पट वजनाचा मल्ल आला होता. हैबतीनं त्याला असा उचलून आपटला, की हलगीवाला बघतच राहिला आणि हलगी वाजवायचंच विसरला. एवढं असून गडी साधा. हरलेल्याला हात देऊन उठवायचा आणि त्याच्या अंगावरची माती स्वतः झटकायचा.

गावची रीत अशी होती, की जत्रेतली मोठी कुस्ती जिंकेल त्याला वर्षभर चांदीची गदा मिळायची. सलग एक तप जो ती राखील, त्याचं नाव आखाड्याच्या दारातल्या दगडावर कोरायचं. दगडावर आजवर एकच नाव होतं, हैबतीच्या वस्तादांचं. आणखी एक रीत होती. कुस्ती सुटली की गदेच्या मानकऱ्यानं उघड्या पाठीनं आखाड्याला फेरी घालायची. पाठीला माती लागली नाही, हे साऱ्या गावानं डोळ्यांनी बघायचं. फेरी होईपर्यंत पाठीला कापड लावायला मनाई.

हैबतीनं अशा फेऱ्या वर्षानुवर्षं घातल्या. दरवेळी पाठ आरशासारखी लख्ख! आता तप पुरं व्हायला एकच कुस्ती उरली होती. ती जिंकली, नाहीतर नुसती बरोबरीत सोडवली, तरी नाव दगडावर जाणार होतं. पाथरवट तर छिन्नीला धार लावून आखाड्याच्या दारातच येऊन बसला होता.

समोर आला संतू, पलीकडच्या गावचा. नुकती मिसरूड फुटलेली, पण अंग वेताच्या छडीसारखं चपळ. कुस्ती लागली ती लागलीच. दुपार कलली तरी कुणी कुणाला सोडीना. हैबतीला मनातून कौतुकच वाटलं. ‘वा रे गड्या,’ तो पुटपुटला.

दिवस मावळतीला टेकला. दिवस बुडाला की कुस्ती बरोबरीत सोडवायची, असा नियम होता. आणि त्याच क्षणी संतूनं खालून शिरून हैबतीला उचललं. दोघं धाडकन पडले, मातीचा लोट उठला. पंच डोळे चोळत राहिले. संतूचं तोंड हैबतीच्या छातीत दबलेलं, त्याला काहीच दिसेना. पण हैबतीच्या दोन्ही खांद्यांना पाठीमागून माती लागली. गार, ओलसर. पुढच्याच क्षणी तो उलटून पोटावर आला होता.

धूळ खाली बसली तेव्हा पंच ओरडले, “दिवस मावळला! कुस्ती बरोबरीत!”

मग काय विचारता! हलगी कडाडली, फेटे उडाले. वस्ताद धावत आले आणि आनंदाच्या भरात फेरीचीही वाट न बघता मानाचा शेला पाठीमागून हैबतीच्या खांद्यांवर टाकू लागले. टाकताना त्यांना ती माती दिसली. आपल्या नावाशेजारी पोराचं नाव बघायचं, एवढी एकच आस त्यांना उरली होती.

“घाम आलाय तुला,” ते हळूच म्हणाले. “शेल्यानं पाठ पुसून घे.”

लोक ओरडत होते, “फेरी! फेरी!” हैबतीचा जीव कासावीस झाला. एक हात फिरवला की झालं. कुणाला कळणार होतं? त्यानं दगडाकडं पाहिलं, छिन्नी सरसावलेल्या पाथरवटाकडं पाहिलं, आणि मग वस्तादांकडं.

“वस्ताद,” तो म्हणाला, “फेरीआधी पाठ पुसायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला.”

वस्तादांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी स्वतःच्या हातानं शेला काढून घेतला.

हैबती फेरीला निघाला. तो पुढं जाईल तशी लोकांची तोंडं एकेक करून बंद होत गेली. हलगी थांबली. दोन्ही खांद्यांवर, पंजाएवढी, माती. फेरी पुरी करून त्यानं गदा उचलली आणि संतूच्या हातात दिली.

“अण्णा, मला ठाऊकच नव्हतं हो!” संतू रडकुंडीला आला.

“मला होतं ना,” हैबती म्हणाला, आणि नेहमीसारखी त्याच्या अंगावरची माती झटकू लागला.

गाव हळहळलं, पण त्या रात्री जेवताना घरोघरी बोलणं हैबतीचंच. पाथरवट छिन्नी पिशवीत घालून घरी गेला. दगडावर दुसरं नाव काही कोरलं गेलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी तालमीत एक नवा पोरगा दाखल झाला. वस्तादांनी आखाड्यातली चिमूटभर माती घेतली, त्याच्या पाठीवर चोळली आणि म्हणाले, “ही हैबतीची माती. आता उतर आत.” तेव्हापासून तिथं प्रत्येक नव्या पैलवानाच्या पाठीला ती लावतात. दारातल्या दगडावर शेवाळ चढलं, त्यावरचं नाव आता वाचताही येत नाही. हैबतीचं नाव मात्र तालमीतल्या पोरासोरांनाही पाठ आहे.

तात्पर्य काय, तर विक्रम आज ना उद्या कुणीतरी मोडतोच. पण आपली हार स्वतःहून कबूल करण्याचं बळ ज्याच्यात असतं, त्याला लोक विसरत नाहीत.